सॉलिसिटरच्या कचेरींतील उमेदवारी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील आपल्या घरांतून कोणी मुलगा किंवा मुलगी कायद्याचें शिक्षण घेऊन सॉलिसिटरच्या कचेरींत उमेदवारी करूं लागली, म्हणजे वडील मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "महिना काय मिळतें?" विद्यावेतन बेताचें आहे हें कळतांच चेहरे उतरतात. प्रश्न गैर नाहीं; परंतु तो पहिला नसावा, इतकेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.

मुंबईचें उच्च न्यायालय १८६२ सालीं स्थापन झालें. त्याच्या ओरिजिनल साइडवर कामाची वांटणी असे. सॉलिसिटरनें अशिलाची हकीकत ऐकावी, कागद जमवावे, मसुदे करावे. आणि कौन्सेलनें न्यायाधीशांपुढें बोलावें. कायद्यांतील ही वांटणी १९७७ पासून संपली. आज सनद घेतलेला कोणताहि वकील दोन्ही कामें करूं शकतो. तथापि १८९४ सालीं स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा अद्यापि घेते, व तिच्यासाठीं अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखालीं उमेदवारी करावी लागते. तात्पर्य, या परीक्षेनें आतां नवा अधिकार मिळत नाहीं. मिळावयाची ती विद्याच. मग ती खरोखर मिळते कीं नाहीं, हाच पहिला प्रश्न होय.

ही विद्या कसली, तें एका उदाहरणानें पाहूं. एका गृहस्थास बोरिवलीस जुनें घर विकत घ्यावयाचें आहे. उमेदवार दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील मागील ३० वर्षांच्या नोंदी तपासतो, मालमत्ता पत्रक ताडून पाहतो, आणि कोणाचा हक्क असल्यास कळवावा अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रांत देण्याची तजवीज करतो. समजा, मूळ मालक मृत्युपत्र न करितां वारले. तिघा मुलांनीं घर विकावयास काढलें. पण विवाहित बहिणीचें हक्कसोडपत्र कोठेंच नाहीं. पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलगी ही १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें मुलाबरोबरीची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित एकत्र मिळकतींतहि तिला जन्मतः हक्क मिळाला आहे. एवढा एक कागद नाहीं हें ध्यानांत न आलें, तर घेणाऱ्याची जन्माची पुंजी कोर्टकज्जांत अडकते. आणि भावाबहिणींत वैर पडतें तें निराळेंच.

याज्ञवल्क्यस्मृतींत लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन मानवी प्रमाणें सांगितलीं आहेत. उमेदवार दुसरें काय शिकतो? दस्तऐवज वाचणें हें लिखित; जागेचा कबजा प्रत्यक्ष कोणाकडे आहे तें पाहणें ही भुक्ति; जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारून खात्री करणें ही साक्ष. शब्दाशब्दाचा अन्वय लावण्याची संवय ज्यास आहे, त्यास ही कचेरी परकी वाटूं नये. बाळासाहेब खेर हे विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकलेले. पुढें ते सॉलिसिटर झाले, १९१८ सालीं त्यांनीं भागीदारींत पेढी काढली, आणि १९३७ सालीं मुंबई इलाख्याच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. वांद्र्याची खेरवाडी त्यांच्याच नांवाची.

आतां घरच्यांचें कर्तव्य. न्यायालय फोर्टांत, आणि पुष्कळशा जुन्या पेढ्याहि त्याच बाजूस. सकाळीं लोकलच्या गर्दींत शिरलेला उमेदवार दिवसभर कागद दाखल करणें, कचेरीनें काढलेले आक्षेप दूर करणें यांत गुंततो. न्यायालय उठल्यावर कौन्सेलकडे बैठक असली तर घरीं येण्यास रात्र होते. त्यांतूनच परीक्षेचा अभ्यास! ही परीक्षा कठीण म्हणूनच प्रसिद्ध आहे. अशा वेळीं त्याचें ताट झांकून ठेवावें, अभ्यासास एक शांत कोपरा द्यावा, आणि शेजारच्या इंजिनियराच्या पगाराशीं तुलना करूं नये. उमेदवारी करणारी मुलगी किंवा सून असेल, तर ती घरीं येतांच स्वयंपाकघराची वाट दाखवूं नये. तिचेंहि ताट झांकून ठेवावें.

परंतु सहनशीलपणा म्हणजे आंधळेपणा नव्हे. दर सहा महिन्यांनीं वडिलांनीं शांतपणें विचारावें : "मसुदे तूं स्वतः लिहितोस ना? आणि ते तपासून चुका कोण दाखवितो?" मसुदा लाल शाईनें भरून परत येत असेल, तर विद्यावेतन थोडें असलें तरी मुलगा योग्य ठिकाणीं आहे. उलट वर्ष उलटूनहि नकला काढणें व फायली पोंचविणें यापलीकडे कांहीं हातीं आलें नसेल, तर ती उमेदवारी नव्हे, स्वस्तांतली चाकरी होय. तेथून त्यास दुसऱ्या सॉलिसिटरकडे जाऊं द्यावें, आणि गेलेल्या वर्षाबद्दल त्यास बोल लावूं नये.