आधी तीन ऐकायचं, आधी सहा लिहायचं

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ आलं, तेव्हा विनोदांना नुसता ऊत आला होता. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आडनावातला ‘वीस’सुद्धा त्यातून सुटला नाही. हसून झालं असेल, तर जरा सात वर्षांच्या मुलाच्या पाटीकडे बघू.

बाई म्हणतात, ‘त्रेसष्ट’. कानावर आधी तीन पडतो, म्हणून मूल ३ काढतं. मग सहा डावीकडे कोंबायचा. तिथे जागा नसली की तो उजवीकडे जातो आणि होतात छत्तीस. हुशार मूल तीन मनात धरून ठेवतं आणि आधी सहा लिहितं. या वयात डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. त्यातलंही बरंचसं या उलटापालटीत खर्च होतं. एकोणसाठची तऱ्हा आणखी न्यारी : नाव साठचं आणि लिहायचे पाच. हे ‘एकोण’ अंगवळणी पडतं न पडतं तोच नव्व्याण्णव येऊन ते मोडतं.

तेच मूल काड्यांच्या सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या मांडतं, तेव्हा डोळ्यांना दिसतं तेच ‘साठ तीन’ म्हणतं. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. कानडी, तेलुगू, तमिळ मुलं दशक आधीच बोलतात. शिवाय जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, हे ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी उघडून पाहिलं?

नॉर्वेत तर संसदेनेच हा निकाल लावला. तिथेही तेवीसला ‘तीन आणि वीस’ म्हणत. टेलिफोनचे नंबर सांगताना-ऐकताना घोटाळे होत, म्हणून टेलिफोन खात्याने आग्रह धरला आणि १ जुलै १९५१ पासून ‘वीस तीन’ अधिकृत झालं. शाळांनी ते उचललं. घराघरांत जुनी पद्धत पुढे कित्येक वर्षं रेंगाळली. नॉर्वेजियन भाषा काही त्यामुळे बुडाली नाही.

आपल्याकडे इंग्रजी माध्यमातलं पोर ‘सदुसष्ट म्हणजे किती?’ विचारतं आणि आपण बिनदिक्कत ‘सिक्स्टी सेव्हन’ सांगतो. तिथे दशक आधी आलेलं कुणाला खुपत नाही.

माझी हरकत वेगळीच आहे. भाजीवाली त्रेसष्टच म्हणणार, एसटीचा कंडक्टरही. तेव्हा ‘साठ तीन’वरून ‘त्रेसष्ट’वर मुलाला कधी आणि कसं आणायचं, हे बाईंना नीट शिकवायला हवं. नुसतं पुस्तक हातात देऊन ते व्हायचं नाही.