छपरावरचे पाणी व शाळेतील रोपे

आषाढात लावलेली रोपे पाण्याअभावी चैत्र-वैशाखात वाळतात. यावरील उपाय शाळेच्या छपरावरच आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजेच १०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पावसात ५०,००० लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे. नंतरचे पन्हाळीवाटे झाकलेल्या टाकीत साठवावे व उरलेले शोषखड्ड्यात मुरवावे. २० रोपांना आठवड्यास प्रत्येकी ५ लिटर दिल्यास ३,००० लिटर पाणी ३० आठवडे, कार्तिकापासून मृगापर्यंत पुरते. पाऊस मोजणे व हिशेब ठेवणे मुलांकडे सोपवावे. उन्हाळी सुटीतील पाळ्या आधीच ठरवाव्यात. याप्रमाणे गणित व श्रम यांची सांगड पडली म्हणजे रोप जगते आणि धडाही रुजतो.