ताप उतरला, तरी गोळी का?

व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापात क्लोरोक्विनच्या ३ दिवसांच्या गोळ्यांनी ताप बहुधा उतरतो आणि रुग्ण पुन्हा दुकानाच्या गादीवर जाऊन बसतो. परंतु यकृतात दडलेले जंतू त्या औषधास दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. मळमळते, पोटात कळ येते म्हणून कित्येक जण ते मध्येच सोडतात. मग काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तोच ताप परततो.

उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने हा त्रास वाढतो, जेवणानंतर तो पुष्कळ कमी होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी ती दुपारच्या जेवणानंतर घ्यावी. उपवास करावयाचा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

मात्र प्रत्येक त्रास सोसण्याजोगा नसतो. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी हे एन्झाइम कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. ही तपासणी औषधापूर्वी करून घेता येते. लघवी काळपट होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसताच गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. गर्भवतीस हे औषध देत नाहीत.

किरकोळ मळमळीसाठी गोळी सोडू नये आणि धोक्याची खूण दिसल्यावर ती रेटू नये.