पिळदार देहाचा सौदागर

रत्नागिरीच्या टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर पाहणारे पर्यटक केसरी, गीतारहस्य, मंडाले एवढं आठवतात आणि थिबा पॅलेसची वाट धरतात. अंगाने किरकोळ असलेल्या या मुलाने डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला सारून व्यायामात, कुस्तीत आणि पोहण्यात घालवलं होतं, हे क्वचितच कुणाला आठवतं. तेव्हा कमावलेली तब्येत पुढच्या तुरुंगवासांत उपयोगी पडली.

त्या काळी शरीर कमवायचं ते कशासाठी तरी. फड मारायला, ओझी वाहायला, दुखणी लांब ठेवायला. नुसतं शरीर दाखवून बक्षीस न्यायचं, हे तालमीतल्या वस्तादाला सांगितलं असतं तर त्याने हसून हजार जोर काढायला लावले असते! आज जिल्ह्याजिल्ह्यांत 'श्री' किताबाच्या स्पर्धा होतात. झगझगीत दिव्यांखाली तेल चोपडलेली पोरं पोझ देतात आणि पंच गुण मांडतात. या खेळाचा पाया एका अस्सल धंदेवाईक माणसाने घातला. त्याचं नाव युजेन सँडो.

खरं नाव फ्रीडरिश म्युलर. जन्म १८६७चा, प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. १८८९मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅमसन नावाच्या पहिलवानाला हरवून तो प्रसिद्धीला आला. १८९३च्या शिकागो प्रदर्शनाच्या वेळी फ्लोरेन्झ झिगफेल्ड या चतुर व्यवस्थापकाने ओळखलं, की प्रेक्षकांचे डोळे सँडो काय उचलतो यापेक्षा त्याच्या दंडांवर खिळलेले असतात. मग देणगीच्या बदल्यात प्रतिष्ठित बायकांना ते दंड चाचपून पाहायची सोय झाली. १८९४मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याच्या पोझचं चित्रीकरणही झालं.

बाकीचे पहिलवान खेळ करून पोट भरत राहिले. सँडोने दुकान मांडलं. १८९७मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था, पुढच्या वर्षी मासिक, शिवाय पुस्तकं, स्प्रिंगचे डंबेल्स, टपालाने व्यायामाचे धडे आणि पुढे चक्क कोकोसुद्धा.

पण खरी बहार १४ सप्टेंबर १९०१च्या रात्रीची. मासिकातून तीन वर्षं हवा तापवून, परगण्यापरगण्यांत निवड स्पर्धा घेऊन सँडोने अंतिम सामना थेट रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरवला. हॉल खचाखच भरला होता. सुमारे साठ स्पर्धक काळे घट्ट पायजमे आणि बिबळ्याचं कातडं अशा वेषात उतरले. परीक्षक तिघे: शिल्पकार चार्ल्स लॉज, शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल आणि खुद्द सँडो. केवळ आडदांड स्नायूंना गुण नव्हते. अंगाचा तोल, प्रमाणबद्धता, कातडीचा तजेला आणि एकूण आरोग्यही पाहिलं गेलं. आजचे पंचही प्रमाणबद्धता पाहतात, मात्र आरोग्याचा मुद्दा गळालेला दिसतो. तो पुन्हा यायला हरकत नाही.

पहिला आला नॉटिंगहॅमचा विल्यम मरे. बक्षीस म्हणून सँडोचा सोनेरी पुतळा. यानंतरचा किस्सा डॉयल यांनी आत्मचरित्रात लिहिला आहे. मध्यरात्री त्यांना मरे रस्त्यावर दिसला, तो पुतळा काखेत मारून. हॉटेलला पैसे नव्हते, गावाकडची गाडी सकाळी. रात्र फिरून काढायचा त्याचा बेत होता. डॉयल यांनी त्याला आपल्या हॉटेलात नेऊन खोली मिळवून दिली.

पुढे कॅनडाच्या जो वायडर यांनी मासिकं, संघटना आणि १९६५पासूनची मिस्टर ऑलिम्पिया स्पर्धा यांतून हाच धंदा जगभर नेला. त्या स्पर्धेचा विजेता १९७७पासून सँडोचीच मूर्ती घेऊन घरी जातो.

सँडो १९०४-०५मध्ये हिंदुस्थानातही येऊन गेला. पण त्याआधीच त्याचा माल सातारा भागात पोचला होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७मध्ये त्याची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. यमाईच्या डोंगरावरचं त्यांचं संग्रहालय पाहिलं, की या माणसाला कशाकशाची हौस होती ते कळतं: चित्रं, शिल्पं, हस्तिदंती काम. औंधला जाणाऱ्याने निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

१९०८च्या सुमारास भवानराव सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचे. साधन नको, खर्च नको, सतरंजीभर जागा पुरे. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, पुस्तक लिहिलं, आणि १९३८मध्ये त्यांच्या नमस्कारांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं ते सँडोच्या लंडनमध्येच. तिथल्या वाचकांनी या वेळी व्यायाम विकत घेतला तो औंधच्या राजाकडून.