मागच्या दोन चाकांची वाटणी

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना रस्ता जिथं पूर्ण उलटा वळतो, तिथं गाडीचं बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त धावतं. मागच्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर हा फरक जवळपास पावणेपाच मीटरचा. वळण ऐसपैस असो वा अरुंद, तो बदलत नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर दर वळणाला टायर घासला जाणार. ते वाचवतो मागच्या ॲक्सलच्या मधोमध दिसणारा गोळा, म्हणजे डिफरन्शियल. 1827-28च्या सुमारास ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं.

गोळा उघडला की टेल पिनियन, त्याने फिरणारा मोठा क्राऊन आणि क्राऊनला जखडलेला पिंजरा दिसतो. पिंजऱ्यातले स्टार गिअर दोन्ही ॲक्सलच्या गिअरांत दात अडकवून बसलेले असतात. सरळ रस्त्यावर ते पिंजऱ्याबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळणावर स्वतःभोवती फिरू लागतात आणि आतल्या चाकाचे कमी झालेले फेरे बाहेरच्याला देतात.

फेरे असे कमीजास्त होतात, पण जोर दोन्हीकडे सारखाच जातो. मेख इथं आहे. पावसाळ्यात वडापची जीप साइडपट्टीवर उतरली आणि चिखलातल्या चाकाने जेमतेम 100 न्यूटन-मीटर जोर पेलला, तर डांबरावरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. जुवातला एक बैल ढिला पडला की दुसऱ्याची ताकद फुकट जाते, तसंच हे. मुरलेले ड्रायव्हर अशा वेळी हँडब्रेक थोडा ओढतात: भिरभिरणाऱ्या चाकाला अडवलं की दुसऱ्याच्या वाट्याला जोर येतो. जुन्या विलीज जीपला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागच्या शाफ्टवर आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर. भुईंजच्या किसन वीर कारखान्याकडे ऊस निघतो, तेव्हा ट्रॉली आधी ओल्या रानातून बाहेर काढावी लागते. एक चाक जागेवर फिरू लागलं की ड्रायव्हर टाचेने डिफ-लॉकचा पेडल दाबतो आणि दोन्ही चाकं एकजीव होतात. बांध ओलांडून रस्त्याला लागण्याआधी पाय उचलावाच लागतो, नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही.

या दोहोंमधली तडजोड म्हणजे लिमिटेड-स्लिप. तिचा जन्म शर्यतीतला. 1930च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्रां प्री मोटारींचं मागचं एक चाक वेगातही घसरत राही, म्हणून फर्डिनांड पोर्श यांनी झेडएफ कंपनीकडून हे डिफरन्शियल करून घेतलं. एका प्रकारात क्लचसारख्या प्लेटा दोन्ही चाकांतला फरक दाबून धरतात. टॉर्सन प्रकारात गिअरच एकमेकांना आवळतात. तो तिप्पट जोर देणारा असेल, तर 100 पेलणाऱ्या चाकासमोर दुसऱ्याला 300 पर्यंत मिळू शकतात. चाक हवेत लटकलं तर मात्र शून्याची तिप्पटही शून्यच.

जोरकस मोटार घाटाच्या वळणात शिरते तेव्हा वजन बाहेरच्या बाजूला झुकतं आणि आतलं चाक हलकं होतं. साध्या डिफरन्शियलने तिथं ॲक्सिलरेटर दाबला, तर ते हलकं चाक नुसतं भिरभिरतं. लिमिटेड-स्लिप जोर बाहेरच्या चाकाकडे वळवतं. पण ओल्या डांबरावर जास्त दाबलं, तर दोन्ही चाकं एकदम सुटून मागचा भाग फिरू शकतो. साध्यात बहुधा एकच चाक सुटतं, दुसरं गाडीची शेपूट धरून ठेवतं.

महिंद्राच्या थारला 2015मध्ये मिळालेलं लॉकिंग डिफरन्शियल आणखी वेगळं आहे. चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं उघडतात आणि ते आपोआप लॉक होतं. बऱ्याच नव्या गाड्या साध्या डिफरन्शियललाच ब्रेकची जोड देतात: घसरणारं चाक संगणक अडवतो, म्हणजे हँडब्रेकवाल्या ड्रायव्हरचंच काम.

म्हणून कुटुंबाला घेऊन पाचगणीला जाणाऱ्याला साधं डिफरन्शियल आणि चांगले टायर पुरतात; टायरची पकडच नसेल तर लिमिटेड-स्लिप ती कुठून आणणार? वळणातच जोर लावणाऱ्याने मात्र ते जरूर घ्यावं. प्लेटांच्या प्रकाराला त्याचंच वेगळं गिअर ऑइल लागतं. अशी सेकंडहँड गाडी बघायला गेलात, तर मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. मागून कडकड किंवा थरथर जाणवली, तर भाव ठरवण्याआधी ऑइल आणि प्लेटा तपासून घ्या.