दुर्बोध चित्रपट आणि प्रेक्षकाची अपेक्षा

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा विज्ञानकथापट एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा आरंभीच्या खेळांतून अनेक प्रेक्षक उठून गेले व न्यूयॉर्कच्या काही प्रमुख समीक्षकांनी त्यावर प्रतिकूल लिहिले. कुब्रिक यांनी लगोलग सुमारे १९ मिनिटांची काटछाट केली. तथापि जो भाग विशेष दुर्बोध ठरला, तो रंगीत प्रकाशझोतांतून होणारा अखेरचा प्रवास, कायम ठेवण्यात आला. आणि तरुण प्रेक्षकांना मुख्यतः त्याचेच आकर्षण वाटले.

या विरोधाची उपपत्ती कशी लावावयाची? तरुणांच्या पसंतीचे कारण पुष्कळदा मादक द्रव्यांत शोधले जाते; निर्मात्या संस्थेने पुढे योजिलेले ‘दि अल्टिमेट ट्रिप’ हे घोषवाक्यही तेच सुचविते. परंतु केवळ एवढ्याने उलगडा होत नाही. चित्रपटाच्या आरंभी व अखेरीस प्रत्येकी वीसहून अधिक मिनिटे संवाद नाहीत. कथानक शोधणाऱ्यास ती पोकळी भासते. दृश्य व संगीत यांचा अनुभव घेऊ पाहणाऱ्यास तेथेच चित्रपट गवसतो. सहलेखक आर्थर क्लार्क यांच्या १९६८ मधील कादंबरीत या प्रवासाचे स्पष्टीकरण आहे. चित्रपटात ते हेतुपुरस्सर टाळले आहे.

म्हणून प्रेक्षकप्रतिसादाच्या अभ्यासकाने ‘चित्रपट आवडला काय?’ असे विचारण्यापूर्वी, प्रेक्षक कोणती अपेक्षा घेऊन आला होता, हे पाहिले पाहिजे. एरवी अपेक्षाभंगालाच आपण कलाकृतीचा दोष समजून बसू.