डोहाळ्यांआड दडलेला आजार

पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची धास्ती वाटते का? गेल्या तीन महिन्यांत एक स्टोनहून, म्हणजे ६.३५ किलोंहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला लठ्ठ समजता का? अन्नानं सगळं आयुष्य व्यापलंय असं वाटतं का? लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमधले जॉन मॉर्गन, फिओना रीड आणि ह्युबर्ट लेसी यांनी १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे पाच प्रश्न मांडले. दोन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ आली, तर आहारविकाराची शंका घ्यायची आणि पुढची तपासणी करायची. ही ‘स्कॉफ’ प्रश्नावली चटकन उरकते, त्यामुळे साध्या दवाखान्यातही चालते.

गरोदर बाईपुढे मात्र या प्रश्नावलीची पंचाईत होते. या बाईला उलट्या होतच असतात, वजन वाढणं अपेक्षितच असतं आणि काय खावं, काय टाळावं याचा विचार तर घरादारानं तिच्या डोक्यात भरलेला असतो. त्यामुळे धडधाकट बाई संशयितांत जाते आणि आजारी बाई सहज निसटते. उलटी आपसूक झाली की घशात बोटं घालून काढली, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

असा आजार असलेल्या बायका कितीशा असतील? लंडनमध्ये पहिल्या सोनोग्राफीला आलेल्या ७३९ जणींनी भरलेल्या प्रश्नावलीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ७.५ टक्के जणी आहारविकाराच्या निकषांत बसत होत्या, २३.४ टक्के जणींना वजनाची आणि अंगकाठीची तीव्र चिंता होती. पुढे त्याच शहरात समोरासमोर सविस्तर मुलाखती घेतल्या, तेव्हा चालू आजार दीड टक्क्याच्या आसपास निघाला. पण आयुष्यात कधी ना कधी तो होऊन गेलेल्या १५ टक्के होत्या. कागदावरच्या खुणा आणि निदान यांत एवढं अंतर पडतं, म्हणून प्रश्नावलीच्या चाळणीचा निकाल हा पुढच्या बोलण्याचा आरंभ मानायचा असतो.

होऊन गेलेला आजारही विचारायला हवा, कारण तो परत येऊ शकतो. बाळाच्या काळजीपोटी काहींची बुलिमियाची, म्हणजे अनावर खाऊन मग ते उलटून टाकण्याच्या आजाराची लक्षणं गरोदरपणात ओसरतात, बाळंतपणानंतर पुन्हा डोकं वर काढतात. उलट, नॉर्वेतल्या मोठ्या माता-बालक अभ्यासात काहींना अनावर खाण्याचा विकार गरोदरपणातच सुरू झाल्याचं दिसलं. ॲनोरेक्सियात, म्हणजे वजनाच्या धास्तीनं उपाशी राहण्याच्या आजारात, अनेकदा पाळी थांबते, म्हणून दिवस राहणारच नाहीत असं समजून बेसावध राहिलेल्या स्त्रियाही असतात. बीज मात्र पाळीवाचूनही सुटू शकतं.

स्वीडनमधल्या बारा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२० साली आला. आहारविकार असलेल्या मातांना तीव्र उलट्यांचा धोका सुमारे दुप्पट आणि मुदतीआधी प्रसूतीचा धोका वाढलेला आढळला. चालू ॲनोरेक्सियात रक्तक्षयाचा धोकाही दुप्पट होता. म्हणजे मुद्दाम काढलेल्या आणि खऱ्या उलट्या एकाच बाईला असू शकतात.

मग गरोदरपणासाठी वेगळे प्रश्न हवेत. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली बारा प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली मांडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं मात्र लक्षणं नसलेल्या सर्वांची सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही असा निर्वाळा दिला. ब्रिटनची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, की निव्वळ प्रश्नावलीवर निदान करू नका.

विचारण्याची रीतही तितकीच मोलाची. एका अभ्यासात आहारविकार असलेल्या स्त्रियांनी त्याबद्दल न बोलण्याची कारणं सांगितली ती अशी: लाज, बोलायची संधीच न मिळणं आणि आपलं आपण निभावून नेऊ ही वृत्ती. सुईणींच्या बाजूनं वेळेची टंचाई होती आणि हे आपलं काम आहे का, ही शंकाही. म्हणून नवरा-सासूला बाहेर बसवून, ‘अनेकींना विचारतो तसं तुम्हालाही’ असं म्हणत सुरुवात करावी. वजनाचा आकडा ऐकून जिचा जीव धास्तावतो, तिला काट्याकडे पाठ करून उभं करावं आणि आकडा मोठ्यानं उच्चारू नये.

आपल्याकडे माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन नोंदवलं जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. त्यामुळे बाई वाळलेली दिसली, की गरिबी किंवा निकस आहार हेच कारण आधी सुचतं, आणि बहुधा ते खरंही असतं. माती, खडू, कोरडे तांदूळ खाल्ले तर डोहाळे म्हणून हसण्यावारी नेलं जातं. वैद्यकात त्याला पायका म्हणतात आणि लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध आहे. लोहाच्या गोळ्या देतानाच ‘जेवणाबद्दल, वजनाबद्दल मनात काही भीती आहे का? पूर्वी कधी होती का?’ एवढं विचारता येईल.

उत्तर ‘हो’ आलं, तर पोटॅशियमसह रक्ततपासणी, बाळाच्या वाढीवर जास्त लक्ष, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ ही वाट आधीच ठरलेली असावी. प्रसूतीनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावा, कारण तेव्हा ‘पोट कधी उतरणार?’ हे तिला चहूबाजूंनी ऐकू येऊ लागलेलं असतं.